देवीचे वार

"मॅडम, रविवारी लांबची सायकल टाकू नका. रविवारी मटण असतं," चेअरमनसाहेब म्हणाले.

दूध संघाच्या कचेरीत कूलरपुढे बसून मी आठवड्याचे सात रकाने आखत होते. समोर चार हौशी खेळाडू: संघाचे चेअरमन सुंदरराव, एक दातांचे डॉक्टर, एक वकील आणि एक रस्त्यांचे गुत्तेदार. चौघांना दिवाळीनंतर गोव्याला जाऊन ट्रायथलॉन करायची होती. म्हणजे आधी समुद्रात पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल टाकून पळत सुटायचं. मध्ये कुठं टेकायचं नाही. चेअरमनसाहेबांना कचेरीचा जिना चढून आल्यावर टेकायला लागायचं, ते सोडा.

हे लोढणं माझ्या गळ्यात आलं, कारण मी त्यांच्याच संस्थेच्या शाळेत पी.टी. शिकवत होते आणि कॉलेजात असताना विद्यापीठाकडून पोहले होते. आमच्या वडवणीकडे एवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो. शिवाय मला नोकरीत कायम करायची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. त्यामुळे मी हसून विचारलं, "मग शनिवारी टाकू?"

"शनिवारी मारुतीचा उपास," डॉक्टर म्हणाले.

"गुरुवारी?"

"गुरुवारी संघाची मीटिंग."

असं करत करत एकदाचं वेळापत्रक झालं. सोमवारी विश्रांती, कारण सोमवारी साहेबांचा वैजनाथाचा उपास. सायकल बुधवारी आणि रविवारी, मटणाच्या आधी. पोहायला मंगळवार आणि शुक्रवार, अगदी पहाटे. खांदे आखडतात म्हणून पाण्यात उतरण्याआधी निलगिरीचं तेल चोळा, असंही मीच सांगितलं. रबरी टोप्याही मीच मागवून दिल्या, पिवळ्याधमक.

"पण साहेब, पोहणार कुठं?" मी विचारलं. साधाच प्रश्न होता. त्या उन्हाळ्यात विहिरींच्या तळाच्या कपारी दिसत होत्या आणि आमच्या गल्लीत टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या.

"तुमी कावून काळजी करता? शेततळं हाय की आपलं."

आपलं म्हणजे त्यांचं, त्यांच्या मळ्यातलं, असं मी समजले. सहकारात 'आपलं' हा शब्द किती ढिला असतो, ते मला कळायला हवं होतं.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, तेव्हा संघाच्या चारा छावणीत होते. दादा, म्हणजे आश्रुबा, बैलाचं वेड असलेला माणूस. गावात चारा नाही, पाणी नाही, म्हणून जोडी घेऊन छावणीतच मुक्काम टाकला होता. जोडीतला डावा हौशा. नाव हौशा, पण खोड एकच, भारी शिवराळ. शिवराळ म्हणजे शिव्या देणारा नव्हे, शिवाशिव पाळणारा. दादांचा शब्द. म्हैस कसलंही पाणी पिते, बैल उष्टं-घाणेरडं पाणी हुंगून सोडतो, आणि हौशा तर त्यातला सोवळा.

वेळापत्रक सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी दादांना भाकरी घेऊन गेले, तर पाण्याच्या हौदापाशी बायकांची गर्दी. शेजारच्या दावणीची भामाबाई हौदाच्या काठाला हळद-कुंकू लावत होती. तिच्या दोन गाई छावणीत होत्या. बाई मेंढरामागं हिंडून रापलेली, एरवी कुणाच्या बापाला न भिणारी, पण आज चेहरा उतरलेला.

"काय झालं, मावशी?"

"देवी कोपली, बाई. मंगळवार अन् शुक्रवार. ह्या दोन वारी जनावर पान्याला तोंड लावत न्हाई. बाकी वार घटाघटा पितंय. देवीचेच वार हायत नव्हं? आमी समद्या बाया दोन्ही वार उपास धरतोय. पानी बी घेत न्हाई दिवसभर."

"ह्या उन्हात?"

"जनावर तहानलेलं, अन् आमी कसं पिणार?"

दादा हौशाच्या मानेवरून हात फिरवत बसले होते. बैलाची कूस आत गेली होती आणि डोळे चिकटले होते. "सकाळधरनं तसाच हाय," ते म्हणाले. "हौदापस्तोर नेलता. हुंगलं अन् तोंड फिरवलं."

मंगळवार अन् शुक्रवार. हौदावर वाकून मी ओंजळ भरली आणि हुंगली. निलगिरी! माझी निलगिरी.

हौदाला पाणी यायचं ते गोदामामागच्या शेततळ्यातून, मोटारीनं. तळ्याभोवती उंच बांध, वर हिरवी जाळी, आत जायला बंदी. मी जाळी उचलून वर चढले. प्लास्टिक अंथरलेलं ते तळं टँकरच्या पाण्यानं अर्धं भरलेलं होतं. सरकारनं जनावरांसाठी पाठवलेलं पाणी. वर तेलाचा तवंग आणि कडेला तरंगत असलेली एक पिवळीधमक टोपी. चार बाप्ये तासभर पाण्यात, आणि काठावर मुतारी नाही. मी पोहणारी आहे, तलावात काय काय होतं ते मला कुणी सांगायला नको. मी तिथंच बांधावर ओकले.

बुधवारी कचेरीत गेले. साहेब सायकल करून आले होते. मांडीला घट्ट बसलेली ती फुगीर बुडाची चड्डी घालून केळं खात होते.

"साहेब, तुम्ही छावणीच्या तळ्यात पोहता?"

"आपलंच हाय की ते. संघाचं."

"त्या दिवशी जनावरं पाणी पीत नाहीत."

"पोहल्यानं पानी संपतं का, मॅडम? तेवढंच राहतं. अन् जनावराला काय कळतंय?"

"बायका उपास धरताहेत. देवी कोपली म्हणताहेत."

साहेब चघळायचे थांबले. मला वाटलं, आता तरी शरम वाटेल. पण त्यांचा चेहरा उजळला. "देवीवर गेलं का? मग लई बेस झालं! शुक्रवारी छावणीत आरतीच ठिवू. नारळ संघाचा." मग टेबलावरच्या फायलीवर हात ठेवून म्हणाले, "तुमची ऑर्डर हितंच हाय बरं का. वेळापत्रक तेवढं बदलू नका. खांदे कसे मोकळे झालेत!"

मला त्या माणसाची किळस आली. केळ्याची, फुगीर चड्डीची, त्याच्या 'आपलं'ची. आणि 'बरं' म्हणून खाली उतरलेल्या माझ्या पायांचीही.

गुरुवारी दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते भडकतील. ते नुसते हौशाच्या गळ्यातला कंडा सारखा करत राहिले.

"तू कुटं बोलू नको," शेवटी म्हणाले. "तुला ऑर्डर पायजे. मला कशाची ऑर्डर पायजे?"

शुक्रवारी सकाळच्या शाळेत मी हजेरी लावली आणि अर्ध्या तासात छावणीत आले. साहेब आरतीला आले होते, बाकीचे तिघेही. चौघं पोहून तसेच आलेले, केस ओले. ओल्या केसांखाली कपाळावर गंध लावून ते हौदासमोर हात जोडून उभे राहिले. उपाशी, तहानलेल्या बायकांनी आरती म्हटली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, तालात. नारळ फोडला आणि म्हणाले, "आई सगळं ठीक करंल. श्रद्धा ठिवा."

तेवढ्यात दादा पुढं आले. डोक्याला मुंडासं बांधलं होतं, पाव्हणा आल्यावर बांधतात तसं. त्यांनी तांब्या हौदात बुडवला, धोतरानं बाहेरून पुसला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरला.

"उन्हाचं आलात, साहेब. पानी घ्या."

आमच्याकडे दारात आलेल्या माणसानं पाणी नाकारायचं नसतं. साहेबांनी तांब्या घेतला. ओठांपर्यंत नेला. तिथं थांबला.

"गाडीत बाटली हाय माझी," ते म्हणाले.

"आमचा हौशा बी असंच करतो," दादा शांतपणे म्हणाले. "तोंडापस्तोर नेतो, अन् फिरवतो. बाटली न्हाई त्येच्याकडं, एवढंच."

साहेब हसले आणि तांब्या खाली मातीत उपडा केला. त्या उन्हाळ्यात, तिथं, त्या बायकांसमोर. माती चर्र करून पाणी प्यायली.

भामाबाई पुढं आली. दूध नासलं का बघायला वाकतात तशी ती साहेबांच्या ओल्या डोक्याकडं वाकली आणि हुंगली.

"त्योच वास," ती म्हणाली. "मंजी देवी तुमी व्हय?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. भामाबाई हसली नाही. वळली, हौदापाशी गेली आणि काठावरचं हळद-कुंकू पदरानं पुसून काढलं. सटवा नावाचा मेंढका काठी घेऊन सरळ शेततळ्याच्या बांधावर जाऊन बसला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले.

दुपारी छावणीचा मॅनेजर आला. दादांच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "आश्रुबा, जागा कमी पडायली. तुमची जोडी काढावी लागंल." माझ्या ऑर्डरचं मी विचारलंच नाही. डॉक्टरांचा मात्र फोन आला. "मॅडम, छावणीत गडबड झाली म्हणं. पुढच्या हप्त्याचं पोहणं कुठं टाकता?"

"डॉक्टरसाहेब, आता तुम्ही विश्रांती घ्या," मी म्हटलं. "सातही वार." आणि फोन ठेवला.

दादांनी दावं सोडलं. गावात काय होतं? कोरडी विहीर आणि हप्त्यातून एकदा येणारा टँकर. हौशा दोन पावलं चालला आणि थांबला. त्याची जीभ बाहेर आली होती.

"जरा दमा, भाऊ," मागून भामाबाईची हाक आली. तिच्या काखेत घागर होती, तिच्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्याची. हातातलं घमेलं खाली ठेवून तिनं घागर उपडी केली, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

हौशानं घमेल्यात नाक घातलं. हुंगलं. आम्ही तिघं श्वास धरून उभे होतो. भामाबाईचे ओठ पांढरे पडले होते. तिनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"पी बाबा," ती म्हणाली. "शुक्रवार हाय, पर पी."