फळीखालचा उजेड

मिस्त्रीच्या उजव्या तळहाताला, करंगळीशेजारच्या बोटाखाली एक गाठ होती, आणि त्या गाठीचा माणसाला कोण तोरा! गिऱ्हाईक दारात आलं की आधी हात पुढे. "हे बघा. चाळीस वर्षं रंधा मारलाय. असला घट्टा बाजारात विकत मिळत नाही." त्याच्या बापालाही नेमक्या त्याच जागी गाठ होती. शेवटी शेवटी बापाची दोन बोटं तळहातात मिटून गेली, तेव्हा लोक म्हणायचे, म्हाताऱ्याने रंध्याची मूठ काही सोडली नाही. मिस्त्रीलाही ते पटलं होतं. न पटायला काय झालं? आपल्या घराण्याचं कौतुक कुणाला नको असतं?

आता मिस्त्रीचंही बोट वाकायला लागलं. तोंड धुताना नाकात जायचं, खिशात हात घालावा तर काठाला अडकायचं. "हात आहे की खुंटी?" बायको वैतागून म्हणाली. "दवाखान्यात जाता, की नेऊ ओढत?" मग गेला बापडा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात टेबलावर पालथा ठेवा बघू."

हात टेकेना. बोटाखालून पलीकडचा उजेड आरपार दिसत होता. मिस्त्रीला हसूच आलं. जन्मभर त्याने दुसरं केलं काय होतं? रंधलेल्या फळीवर पट्टी उभी धरायची, एक डोळा मिटून खाली वाकायचं, आणि पट्टीखालून उजेड दिसला की फळी वाकडी.

"हा घट्टा नाही," बाई म्हणाल्या. "कातडीखालचा पडदा आखडत चाललाय. कामाला दोष देऊ नका, कारकून असतात तरी झालं असतं. हे घराण्यातून येतं. वडिलांना होतं?"

"होतं," मिस्त्री म्हणाला. त्याचं हसू कुठच्या कुठे गेलं. "आणि पोराबाळांना?"

"कुणाला होतं, कुणाला नाही. आधी सांगता येत नाही."

"समजा झालंच. तर तिथेच थांबवायला एखादी गोळी, मलम, काहीतरी असेल ना?"

"थांबवायला काही नाही. फार वाकलं की शस्त्रक्रियेने सरळ करता येतं. पण ते पुन्हा वाकू शकतं."

मिस्त्रीला बारकी आठवली.

बारकी म्हणजे त्याची धाकटी लेक. ऑफिसातली खुर्ची सोडून पाच वर्षांपूर्वी ती त्याच्या कारखान्यात आली, तेव्हा त्याने आकाशपाताळ एक केलं होतं. चार वर्षं तिला भुसा झाडायला लावला, पटाश्यांना धार लावायला लावली, पण आपल्या बापाच्या रंध्याला हात लावू दिला नाही. गेल्या वर्षी एक दिवस ती धावत आली. "बाबा, बघा ना, मलापण घट्टा आला!" करंगळीशेजारच्या बोटाखाली. आणि या शहाण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बायकोला हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं. "हात बनला हो पोरीचा! रक्तातच आहे आमच्या!" असं स्वतःच्या तोंडाने म्हणाला तो. त्याच दिवशी आजोबांचा रंधा तिच्या हातात दिला. ऑफिसवाले तिला परत बोलावत होते, तर त्यांना तिने हसत हसत नकार कळवला.

मिस्त्री कारखान्यात परतला तेव्हा ती दाराची फळी रंधत होती.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"काय म्हणणार? वय झालं म्हणाल्या. तुझा हात बघू."

त्याने गाठ दाबली. गाठीतून बोटाकडे एक बारीक दोरी ताणलेली लागली. गेल्या वर्षी ती नव्हती.

"दुखत नाही हो," बारकी म्हणाली.

"फळीवर ठेव. पालथा."

तिने ठेवला. मिस्त्री वाकला आणि त्याने एक डोळा मिटला. बाकीची बोटं टेकली होती. त्या एका बोटाच्या मुळाशी मात्र उजेडाची रेघ होती, केसाएवढी.

"दिसतोय का उजेड?" तिने थट्टेने विचारलं. हा त्याचाच प्रश्न, दिवसातून दहादा तिला विचारलेला.

चाळीस वर्षांत गिऱ्हाईक तुटलं तरी त्याने वाकडी फळी सरळ म्हणून खपवली नव्हती.

"छे," तो म्हणाला. "एकदम सपाट."

पण त्याचा आवाज चिरकला, आणि बारकी काही दुधखुळी नव्हती. तिने हात तसाच ठेवला, गाल फळीशी नेला, एक डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिली.

"तुमचा ठेवा बरं शेजारी."

मिस्त्रीने ठेवला. नाही कसं म्हणणार? तिने आधी त्याच्या बोटाखाली पाहिलं, मग पुन्हा स्वतःच्या. थट्टा संपली होती.

"आजोबांचं बोट पुरतं मिटायला किती वर्षं लागली, बाबा?"

मिस्त्रीला कुठे तरी पळून जावंसं वाटलं. लेकीसाठी तो घरदार विकायला तयार होता, पण इथे विकून घ्यायचं काय?

"वीस," तो म्हणाला. लागली होती आठ.

बारकीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घालून बाकावरचा भुसा झाडायला घेतला.

"मग पुष्कळ आहेत," ती म्हणाली आणि तिने रंधा उचलला.