डिपार्टमेंटची पेशी

बुलढाण्याच्या त्या कॉलेजात जीवरसायन आणि पेशीशास्त्राच्या एमएस्सीला बारा पोरं होती आणि पेशी एकच होती. खोटं वाटतं? विचारा कोणालाही. कांद्याच्या मुळातली पेशी, ऐन विभागताना टिपलेली. फोटो कोणी काढला, कधी काढला, देव जाणे. दर वर्षी प्रत्येकाने आपल्या प्रकल्पात पान एकवीसवर तोच डकवायचा, खाली 'स्वतः केलेले निरीक्षण' असं लिहायचं आणि पास व्हायचं. त्या एका पेशीने चौदा बॅचेस तारल्या. एवढं पुण्य आमदाराच्याही नावावर नसेल.

नांदुऱ्याच्या सईद टेलरची मलिहा मात्र हटून बसली. "सर, मले माह्या पेशीचा फोटो लावायचा हाय."

तिचे गाइड उद्धव सर. अठरा वर्षं हाच विषय शिकवत होते. "काऊन वं? या पेशीत का खोट हाय? पोरी, आपल्या लॅबात कांदा विभागत नाही. इथला कांदा भजाचा हाय. गुपचूप फोटो लाव."

"म्हणजे मी दोन वर्षं एसटीचे धक्के फोटो चिकटवाले खाल्ले का?" हे मात्र ती मनातल्या मनात म्हणाली. गाइडला उलटून बोलायची सोय एमएस्सीत नसते.

अडचण खरी होती. मुळातल्या पेशी दिवसभर सारख्या जोमाने विभागत नाहीत. त्यांचीही वेळ असते. मलिहाने घरी सकाळी साडेसहाला मुळं कापून पाहिली, कॉलेजात अकराला कापून पाहिली. दोन्ही वेळा पेशी ढिम्म. पुस्तक म्हणत होतं, नऊच्या सुमारास बघा. आणि नऊला ही रोज एसटीत. रविवारी घरी जमलं असतं, पण रविवारी अम्मीने, म्हणजे नजमुन्निसाने, मुळं फुटलेला कांदा सडका समजून फोडणीत टाकला. "मेरे कू क्या मालूम, वो पढाई का था!" मलिहाने तेच कालवण रडत रडत खाल्लं. कालवण चांगलं झालं होतं, हा आणखी एक ताप.

सोमवारी सरांनी जाहीर केलं, मंगळवारी अकराला प्रात्यक्षिक आणि बुधवारी बाहेरच्या परीक्षक मॅडम येणार. झालं! ग्लासातल्या पाण्यावर ठेवलेला एकच कांदा उरला होता आणि मंगळवारची सकाळ. गाडी चुकवावी तर पुढची थेट गाडी साडेबाराला. मग काय, पोरगी कांदा मांडीवर घेऊन पावणेआठच्या गाडीत बसली. पर्समध्ये ब्लेड आणि अल्कोहोलमध्ये अॅसिड मिसळलेली छोटी बाटली.

राजूर घाटाच्या पायथ्याशी नऊ वाजले आणि तिने बाटलीचं बूच काढलं. गाडीभर असा भपकारा उठला की झोपलेले जागे झाले.

"कोन खोल्ली बे बाटली?" कंडक्टर शारदाबाई गरजल्या. सगळ्यांनी मागच्या सीटवरच्या बेवड्या जीवनकडे पाहिलं. बिचारा आयुष्यात पहिल्यांदाच निर्दोष होता.

"मी," मलिहाने हात वर केला.

"शिव शिव! सईद टेलरची पोरगी!" कोर्टाच्या तारखेला निघालेले भगवानराव कपाळाला हात लावून म्हणाले.

"काका, पेयाची नाही. कांद्याले पाजाची हाय." गाडी खदाखदा हसली. मलिहाचे कान लाल झाले, पण तिने नेटाने सांगितलं, की मुळं कापून यात टाकली की पेशी जे करत असतील ते करता करता तिथल्या तिथे थांबतात. ब्लेड नाजूक चालवावं लागतं आणि गाडी हलते आहे.

"आन् नाही जमलं त?" शारदाबाईंनी विचारलं.

"त उद्या सर माह्या नावावर दुसऱ्याची पेशी चिकटवतीन."

पेशी म्हणजे काय ते शारदाबाईंना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या हातचं पुरण वीस वर्षं सासूबाई स्वतःचं म्हणून मिरवत होत्या. त्यांनी टणकन घंटी मारली. गाडी कडेला थांबली.

"माही तारीख हाय ना बाई!" भगवानराव ओरडले.

"अकरा वर्षं तारखाच चालू हायेत ना काका? कोर्ट दोन मिनिटं थांबते. काप वं पोरी."

पन्नास माणसं श्वास रोखून बसली. मलिहाने पाच मुळं कापली, बाटलीत टाकली, आणि जीवनने उगाचच टाळ्या वाजवल्या.

बुधवारी सकाळी तिने मुळं लाल रंगात बुडवली, काचेवर ठेवली, अंगठ्याने दाबली. पण पाहणार कशात? बाकीच्या सूक्ष्मदर्शकांचे दिवे गेलेले आणि एकुलता एक धड सूक्ष्मदर्शक मॅडम येईस्तोवर सरांच्या कपाटात कुलूपबंद. काचेवर पेशी होती की नुसता लगदा, अल्लालाच माहीत.

मॅडमनी तिचा प्रकल्प उघडला. पान एकवीसवर फोटो! सरांनी परस्पर डकवला होता.

"सुंदर आलाय," मॅडम म्हणाल्या आणि पंच्याऐंशी लिहायला पेन टेकवलं. शेजारच्या खोलीतून मॅडमसाठी केलेल्या पाटोडीच्या रश्श्याचा वास येत होता. सरांनी मलिहाला डोळ्यांनीच दटावलं, गप्प राहा.

पंच्याऐंशी! तोंड मिटून उभं राहिलं की झालं. मलिहाला सरांचा राग आला, भीती त्याहून जास्त वाटली, आणि तरी तोंडातून निघालंच, "मॅडम, ती पेशी माझी नाही. माझी तिथे काचेवर आहे. असली तर."

"आणि नसली तर?"

"तर नापास करा."

सरांना ठसका लागला. मॅडम उठल्या, कपाटातून आता कुठे बाहेर आलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिची काच ठेवली आणि डोळा लावला. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्या काच सरकवत राहिल्या.

"मॅडम, जेवण थंड होतंय," सर पुटपुटले.

"सर, तुम्ही बघा," मॅडम बाजूला होत म्हणाल्या.

सर वाकले. अठरा वर्षं त्यांनी खडूने फळ्यावर पेशी विभागली होती, पण या लॅबात विभागताना एकही त्यांच्या दृष्टीस पडली नव्हती.

"आयला!" सर मॅडमसमोरच ओरडले. "थे पाय! गुणसूत्रं दोन्हीकडं ओढल्या जाऊन राह्यले! खरंच होते की बे हे!" आणि ते काही केल्या डोळा काढेनात. मागे बाकीची अकरा पोरं रांग लावून उभी राहिली. रस्सा निवला.

मलिहाने त्यांच्या शर्टाची बाही धरून ओढली. "सर, सरका ना," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी त अजून पाह्यलीच नाही."