सरजाबाईच्या आठ ओळी

पालमपासून दोन कोसांवर, ओढ्याच्या पलीकडं जो माळ आहे त्याला सगळा गाव गोटाड म्हणतो. हे नाव कुणी लाडानं ठेवलेलं नाही. तिथं नांगर घातला की आधी फाळ मोडायचा आणि मग औतकऱ्याची शिवी ऐकू यायची. सरजाबाईच्या सासऱ्याला सरकारातून ही जमीन मिळाली, तेव्हा गावातली काळी जमीन कधीच वाटून झाली होती, हे वेगळं सांगायला नको. तिच्या नवऱ्यानं, दत्तरावानं, उभा जन्म तिथले दगड वेचण्यात घालवला. दगड संपले नाहीत, दत्तराव संपला.

मुलगा सुगत परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकला आणि परत येऊन त्यानं त्याच गोटाडावर दोन एकर द्राक्षं लावली. खायची नव्हे, वाइनची. गावाला चघळायला आयता विषय मिळाला. "पौर्णिमेला विहारात पंचशील घेतेत अन् वावरात दारू पिकवायलेत," असं लोक पाठीमागं बोलत, आणि काही जण तोंडावरही. सुगत म्हणे, "मी द्राक्षं पिकवतो. दारू नाशकात बनती." आईला हे उत्तर फारसं पटलं नव्हतं, पण लेक नोकरीसाठी बाहेर न जाता घरी राहिला ह्या आनंदात तिनं ते गिळलं. आपण मात्र थेंबाला शिवणार नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

सुगतचं शास्त्र साधं होतं. काळ्या रानात वेल माजतो, पाणी पिऊन पिऊन घड सुजतात आणि रसाला चव म्हणून राहत नाही. मुरमात पाणी थांबत नाही. मुळांना खालच्या चुनखडीत धडपडत उतरावं लागतं. मणी बारीक राहतो, साल जाड होते. वरून दिवसाचं रखरखीत ऊन आणि रात्रीचा गारठा दोन्ही त्या सालीत मुरतात. "जमिनीनं जेवढं कमी दिलं, तेवढं वाइनमधी जास्त उतरतं," असं तो सांगे. सरजाबाईला हे शहाणपण उफराटं वाटे. कमी दिल्यानं कुणाचं भलं झालेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

नाशिकच्या एका वाइन कंपनीनं दोन वर्षं त्याची द्राक्षं इतरांच्या मालात मिसळून घेतली. तिसऱ्या वर्षी तिथं वाइन बनवणारी निवेदिता स्वतः बाग बघून गेली आणि म्हणाली, ह्या माळाची वाइन वेगळी काढू. स्वतःच्या गुणाची उतरली तर पाच वर्षांचा करार, आणि बाटलीवर नाव 'गोटाड'. सुगतला कराराहून नावाचंच जास्त पडलं होतं. ज्या माळावरून बापाला लोक हसले, त्याचं नाव छापून यावं एवढीच त्याची हाव होती, आणि हाव म्हणून ती काही वाईट नव्हती.

अट एकच होती. मणी रंगावर आले की पाणी तोडायचं आणि तोडणीपर्यंत वेलींना तहानेलं ठेवायचं.

माघात मणी जांभळे झाले. सुगतनं ठिबकचे कॉक बंद केले आणि कागदपत्रांसाठी त्याच्या पालम-परभणीच्या खेपा सुरू झाल्या, मुक्काम परभणीतल्या बहिणीकडं. मागं बागेत सरजाबाई एकटी. ओढ्याच्या अंगाच्या आठ ओळी तिच्या खोपीसमोरच होत्या, आणि त्यांचा कॉकही वेगळा होता. चार दिवसांनी दुपारी पानं वळायला लागली. आठव्या दिवशी त्यांच्या कडा करपल्या. टाकी काठोकाठ भरलेली होती. सरजाबाईनं दोन दिवस खोपीत वेलींकडं पाठ करून बसून पाहिलं, तिसऱ्या दिवशी भर दुपारी उठून तिनं त्या आठ ओळींचा कॉक फिरवला. अर्धाच तास, असं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशीही अर्धाच तास ठरवलं. पंधरा दिवस ती असं रोज ठरवत राहिली.

सुगतला त्या ओळी हिरव्या दिसल्या आणि त्यानं ते वहीत जमिनीचा गुण म्हणून लिहून ठेवलं. शिकलेला माणूस आईवर संशय घेत नाही, मातीवर घेतो. तोडणीला तिथले घड टपोरे निघाले, पण गोडी मोजल्यावर मागं पडले. तेव्हा निवेदितानं तो माल वेगळा ठेवून त्याची वाइनही वेगळी काढली.

श्रावणात ती दोन बाटल्या घेऊन आली. खोपीसमोर बाज टाकली होती. सरजाबाई चूल फुंकत चहा करत होती आणि कान बाजेकडं होते.

निवेदितानं पहिल्या बाटलीतला घोट तोंडात बराच वेळ घोळवला. "सुगतराव, ह्यात मिरी आहे, जांभूळ आहे आणि शेवटी तापलेल्या दगडासारखं काहीतरी. अशी वाइन मी आमच्याकडं कधी काढलेली नाही." सुगतचे कान लाल झाले. मग तिनं दुसरा पेला घेतला, घोट घेतला आणि बाजूला थुंकला. "हिच्यात वाईट काही नाही, चांगलंही काही नाही. ही कुठलीही असू शकते."

"त्या आठ ओळीखाली काळ्या मातीचा पट्टा हाय मॅडम," सुगत म्हणाला. "मी उन्हाळ्यात खड्डा घेतला. वीतभर गाळ लागला."

वीतभर गाळ कुठल्याही ओढ्याकाठी लागतो. पण ज्याचं मन ठरलेलं असतं त्याला वीतभर पुष्कळ होतो.

"मग त्या ओळी काढून टाका," निवेदिता म्हणाली. "बाकीच्यांचा करार मी आजच करते. वाइन एका मातीची पाहिजे."

"शुक्रवारी जेसीबी सांगतो."

चहा उतू गेला. सरजाबाईला सगळं लख्ख समजलं. गप्प राहिलं तर करार होणार, नाव छापणार, लेक खूश. कुणाला कधी काही कळणार नव्हतं. बोललं तर ही बाई म्हणेल, साधी एक अट पाळता येत नाही ह्यांना, आणि गाडी वळवून निघून जाईल. शिवाय लेकाची नजर उतरेल ती वेगळीच. तिला भीती वाटली. पण पाणी पाजलं आपण आणि फाशी त्या वेलींना, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

"काळी माती न्हाई ती," ती चुलीपासूनच म्हणाली. "पानी हाय. म्या सोडलं."

सुगतला आधी कळलंच नाही. "कवा?"

"रोज दुपारी. तोडणीपस्तोर."

"माय!" तो ताडकन उठला. "तीन सालाची मेहनत बर्बाद केलीस तू! हजार बार सांगितलं हुतं, वेली मरत नसतेत त्यानं!"

"ठावं हाय. सांगितलं हुतंस."

"मग का केलंस?"

सरजाबाईनं पदरानं हात पुसले. हे दत्तरावाला सांगायची तिला गरज पडली नव्हती, आणि लेकाला सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"मी सात-आठ वर्सांची आसंन. उन्हाळ्यात आमी घागरी घिऊन गावच्या आडावर जायचो. आडाला हात लावायचा न्हाई. येका अंगाला उभं ऱ्हायचं. कुन्या बाईला दया आली तर ती वरून वतायची. न्हाई आली तर त्या बाया बोलत उभ्या ऱ्हायच्या, अन् आमी त्यांच्या बादल्यांकडं बघत ऱ्हायचो. पानी लय हुतं आडात, सुगत." तिनं समोरच्या ओळींकडं हात केला. "हितं कॉक माझ्या हातात हुता. त्या बायांवानी उभं ऱ्हायला मला जमलं न्हाई."

सुगत खाली बसला. तो आईकडं बघत नव्हता. निवेदितानं हातातला पेला बाजेखाली ठेवला.

"ओळी काढू नका," ती म्हणाली. "माती एकच आहे. करार मी सगळ्या दोन एकरांचा करते. पण मावशी, पुढच्या वर्षी पाणी तोडावंच लागेल. त्याशिवाय ही वाइन होत नाही. त्याला माझा इलाज नाही."

"माय," सुगत हळू म्हणाला, "पुढल्या साली जमंल का तुला?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि दोघंही तेच ऐकायला बसले होते. सरजाबाईनं स्वतःला नीट विचारून पाहिलं.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "मणी रंगावर आले की मला परभणीला तुझ्या भैनीकडं सोडून ये. तोडणी झाली की आन. मधी तुला काय बंद करायचं ते कर, पर माझ्या डोळ्यांदेखत नको."