आरशातला गुडघा

आरशात आता स्वतःचाच गुडघा दिसत होता — रेनकोटच्या विजारीतला, चिखलाचे शिंतोडे उडालेला, साठीला टेकलेल्या माणसाचा गुडघा. थोड्या वेळापूर्वी तिथे मागून येणाऱ्या जावयाच्या मोटारसायकलचा दिवा होता. वळणावर नाहीसा व्हायचा, सरळ रस्ता लागला की पुन्हा हजर, आणि दर वेळी याला आपण चोर आहोत असं वाटायचं. शेवटी चालत्या गाडीवरच हात पुढे करून त्याने आरसा खाली दाबला. दिसायला नको आणि वाटायलाही नको... पण वाटणं काय आरशात असतं?

सकाळी ऊन होतं, मग गारा, मग पुन्हा ऊन, इतकं लख्ख की ओला रस्ता डोळ्यांत खुपावा, आणि आता हे धुकं. या डोंगराचं काही खरं नाही. माझं तरी कुठे आहे? गेल्या रविवारी लेक आली, पायातले बूटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी त्याच्याकडे परत जाणार नाहीये. भांडण नाही, काही नाही. नुसतं नाही. तुम्ही दोघं डोंगरात जाताय ना? तुम्हीच सांगा."

"तुझं तू सांग की."

"त्याचा चेहरा बघितला की मला जमत नाही."

वा! आणि बापाला जमणार. त्याला बिचाऱ्याला वाटतंय, बायको कामासाठी परगावी गेली आहे. आज संध्याकाळी तिचा फोन येणार होता — सांगितलंत का?

तीस वर्षं हा बाप दातांच्या कवळ्या करत आला. मेणात माणसाचा चावा घ्यायचा, वरचे दात खालच्यांवर नीट बसतात का ते बघायचं, केसाएवढा फरकही बोटाला कळायचा. लग्न ठरलं तेव्हा हाच गावभर सांगत सुटला होता, चावा अगदी बरोबर बसलाय! आणि ज्या माणसाला परक्यांच्या तोंडातलं कळतं, त्याला पोटच्या पोरीचं कळलं नाही. आली मोठी अक्कल.

जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. खाली खड्ड्यात माणूस उतरला असेल तर त्याची हाक आल्याशिवाय वरच्याने बटणाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. तेच त्याने डोंगरात आणलं. पुढच्याने आरशात मागच्यावर नजर ठेवायची, फाटा आला की तो दिसेपर्यंत हलायचं नाही. मागचा चुकला तर त्याने शोधत फिरायचं नाही, फाट्यावरच उभं राहायचं. पुढचा परत येतो. "येतोच," असं म्हणाला होता तो पहिल्या वर्षी. सहा वर्षं झाली, पुढे नेहमी सासरा, कारण "बाबा, रस्ता तुम्हाला कळतो"...

फाटा.

फाटा तर मागेच गेला. आपण न थांबता डावीकडे वळलो.

त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. मागे धुक्यात ना दिवा, ना आवाज. आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. तो उजवीकडून खाली उतरून गेला असेल, तर आज सांगायला नको. मग त्या सुटण्याचीच इतकी लाज वाटली की हेल्मेटच्या आत कान तापले. त्याने गाडी वळवली.

जावई फाट्यावर उभा होता. गाडीचा दिवा चालू, कॉलरमध्ये गारा अडकलेल्या, थंडीने दातावर दात आपटत असलेले.

"आलात! मला वाटलं पडलात की काय. जीव नुसता खालीवर. पण म्हटलं, नियम म्हणजे नियम, हललो नाही."

"किती वेळ उभे आहात?"

"इथे पुन्हा गारा पडून गेल्या, तेवढा. तुम्हाला लागलं नाही ना कुठे?"

हे त्याने विचारायला नको होतं.

"ती परत येणार नाहीये," सासरा म्हणाला. हेल्मेटही न काढता. दात काढावा लागेल, असं सांगतात त्या आवाजात.

जावयाने हातमोज्याने दिव्याची काच पुसली. पुसलेली पुन्हा पुसली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी."

"म्हणजे सकाळी चहा घेताना तुम्हाला माहीत होतं. मी तिच्यासाठी स्वेटर घेऊ का विचारलं, तेव्हा."

"हो."

जावयाची नजर खाली वळवलेल्या आरशावर गेली, तिथे जरा राहिली. मग तो गाडीवर बसला आणि निघाला. विचारलं नाही, थांबला नाही, पुढे झाला.

मागच्याने गाडी कशी चालवायची, हे याला ठाऊकच नव्हतं. लाल दिवा धुक्यात कधी हातभर अंतरावर, कधी नाहीच, आणि पुढचा आरशात बघतोय की नाही हे मागच्याला कळायला काही मार्ग नसतो... सहा वर्षं हा माणूस असा आला? कशाच्या भरवशावर? धुकं फाटलं, लगेच पाऊस लागला, आणि छातीपाशी खिशातला फोन थरथरू लागला. अजून संध्याकाळ व्हायची होती, पण तिला धीर नसेल. वाजून थांबला, पुन्हा सुरू झाला. लेकीवर इतका राग त्याला कधीच आला नव्हता. तुझं काम झालं ग पोरी, तू मोकळी झालीस, पण माझा जावई चाललाय त्याचं काय — असं काहीतरी मनात ओरडत तो दोन्ही हातांनी हँडल आवळून त्या दिव्यामागे जात राहिला. पुढचा फाटा अजून किती लांब आहे, आणि तिथे कुणी थांबलेलं असेल का, याचा विचार करायचं धाडस त्याला होत नव्हतं.