फेसाचं वाक्य

अंबादास सरांनी बत्तीस वर्षं जबलपुरात जीवशास्त्र शिकवलं, तेही हिंदीत. किडनीचा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. तिथल्याच महाराजपूर भागातल्या घरी पुढच्या खोलीत संध्याकाळी ट्यूशनला पोरं बसत आणि सर बोलता बोलता फळ्यावर नेफ्रॉन काढून मोकळे होत. आता मात्र या माणसाला बायकोपुढे किडनी हा शब्द काढवत नव्हता. आठ महिने पुष्पाबाईंचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. दवाखान्यात सर पलंगाजवळ स्टुलावर बसून पेपर वाचत. तोच पेपर, तेच पान. मनाला काहीतरी खात होतं.

खात होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी पुष्पाबाई म्हणाल्या होत्या, "अहो, लघवीला फेस येऊन राहिला." सर तेव्हा बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "संडासात एवढी साबणाची पावडर ओततेस, मग फेस नाही तर काय दूध येणार?" झालं, विषय संपला. बाईंना शुगर होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी ज्यानं जन्मभर त्या फेसाचा अर्थ शिकवला, त्यालाच तो स्वतःच्या घरात कळू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि हा दिवा तर स्वतःला फारच शहाणा समजत होता. पुढे डॉक्टरांनी फेसाबद्दलच विचारलं, "पहले कभी झाग दिखा था?" तेव्हा सर चटकन "नहीं" म्हणाले. पुष्पाबाई शेजारीच होत्या, गप्प. विसरल्या असतील, असं सर धरून चालले, आणि बाईंना कधी आठवू नये एवढीच सरांची धडपड होती.

त्या मंगळवारी सुया लागल्या, मशीन सुरू झालं, तशा पुष्पाबाई म्हणाल्या, "पेपर ठेवा. तो किडनीचा धडा शिकवा मला."

"काहून डोक्याला ताप करून घेतेस?"

"दुनियेच्या पोट्ट्यांना शिकवला. माझ्या किडन्या गेल्या, अन् मलाच नाही सांगितला."

सरांनी रिपोर्टचं पाकीट उलटं केलं आणि चित्र काढायला घेतलं.

"हा केशिकांचा, म्हणजे बारीक रक्तनळ्यांचा गुंता. सुतळीची गुंडी असते ना, तसा, पण डोळ्याला न दिसणारा. एका किडनीत असे दहा लाख. रक्त आत येते ती नळी रुंद, बाहेर जाते ती अरुंद. म्हणून आत दाब राहते. त्या दाबानं पाणी, मीठ, साखर, युरिया गाळून या कपात पडते. रक्तपेशी अन् प्रोटीन मोठे, ते रक्तातच राहते."

"मग एवढं पाणी वाया जाते?"

"नाही ना. दिवसाचं एकशेऐंशी लिटर गाळलं जाते. ही पुढची वळणावळणाची नळी कामाचं सारं परत रक्तात घेते. उरते दीड-दोन लिटर."

सरांना रंग चढला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता. पलीकडच्या पलंगावरचे काकाही ऐकू लागले.

"शुगर जास्त राहिली की आधी ही गाळणी बिघडते. छिद्रं मोठी होते, अन् मग..."

पेन तिथंच थांबलं. "बस. एवढाच आहे धडा."

"एवढाच नाही," पुष्पाबाई डोळे मिटून म्हणाल्या, आणि थेट सरांच्या चालीत बोलल्या, "छन्नी फटी, तो प्रोटीन बाहर. पेशाब में झाग दिखे तो समझ लो. दो नंबर का पक्का सवाल है, लिख लो."

"तुला कसं माहीत?"

"तुमच्या ट्यूशनच्या वेळी वीस वर्षं पडद्यामागं पोळ्याच लाटून राहिली होती ना मी. पाठ आहे सारं. म्हणून तर तुम्हाला फेसाचं सांगितलं होतं."

"पुष्पा, माझं चुकलं. डॉक्टरांपुढे खोटंही बोललो."

"ऐकलं मी."

"मग तेव्हा काहून गप्प राहिलीस?"

"चारचौघांत तुमचं नाव काहून खराब करू?"

सरांना रडू आवरेना. त्यांनी पाकीट तोंडावर धरलं. पुष्पाबाईंनी सुया नसलेला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुम्ही म्हणाले, म्हणून पावडर बंद केली होती मी," त्या म्हणाल्या. "महिनाभर नुसत्या पाण्यानं संडास धुतला. तरी फेस येतच होता."

"मग?"

"मग वाटलं, सरांनाच जास्त कळते. अन् मी खाली पाहणंच सोडून दिलं."