कपाटाचं माप

पलटणीच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे टेपमास्तर म्हणत. इंजेक्शनं त्यांनी हजारांनी टोचली, जखमांवर मैलभर पट्ट्या बांधल्या, पण नाव पडलं ते टेपेवरून. दर सहा महिन्यांनी अख्खी पलटण वजनकाट्यावर चढायची. काटा उंचीच्या मानाने जास्त बोलला की त्या जवानाने सदरा काढून मास्तरांसमोर उभं राहायचं. मास्तर आधी मान मोजत, मग बेंबीच्या रेषेत कंबर. कंबरेतून मान वजा करायची आणि उरेल तो आकडा भिंतीवरच्या तक्त्यात बघायचा. तक्त्यात बसला तर जवान, नाही बसला तर चरबी.

इतकी पोटं पाहून मास्तरांची चेहरे ओळखायची सवयच मोडली होती. बाजारात कुणी "मास्तर, ओळखलंत का?" म्हणालं की त्यांची नजर आधी सदऱ्याच्या चौथ्या बटणावर जायची आणि मग ते म्हणायचे, "हो तर! त्र्याण्णव ना?"

जवानांच्या युक्त्याही त्यांना पाठ होत्या. एकाने मान जाड व्हावी म्हणून महिनाभर डोक्यावर वाळूचं पोतं घेऊन कवायत केली. मान अशी फुगली की पुढे वर्षभर त्याला मागे बघायचं तर अख्खं वळावं लागे. दुसऱ्याने पोट आत ओढून श्वास इतका वेळ धरला की तो उभ्या उभ्या बेशुद्ध पडला. मास्तरांनी त्याला पडल्या जागी मोजलं. पास झाला, पण शुद्धीवर आल्यावर त्याला ते कुणी सांगेपर्यंत तो रडतच होता.

कपाटाला मात्र असलं काही जमत नसे.

कपाट म्हणजे पूल बांधणाऱ्या तुकडीतला हवालदार. उंचीला बेताचा आणि रुंदीला असा, की दवाखान्याच्या दारातून त्याला आडवं यावं लागे. एकदा चिखलात जीपचं चाक बदलायचं होतं आणि जॅक सापडेना, तर याने जीपची एक बाजू उचलून धरली. चाक बदलून झालं तरी आत झोपलेल्या ड्रायव्हरची घोरण्याची लय बिघडली नव्हती. पाठीवर ओझं घेऊन धावायच्या परीक्षेत हा पहिला यायचा, आणि पाणी पिऊन उलटा जायचा, मागे राहिलेल्यांची ओझी आणायला. तुकडीच्या लोखंडी पुलाच्या तुळईला एका टोकाला तीन-चार माणसं लागत. कपाट असला की एक पुरे.

पण वजनकाट्याला यातलं काही सांगता येत नाही. काटा दर वेळी बोंबलायचा आणि कपाट दर वेळी टेपेखाली यायचा. बारा वर्षं तो काठाकाठाने तक्त्यात बसत आला. या वर्षी मात्र दोनदा बाहेर गेला. बाहेर गेलेल्याला दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजत. तिसऱ्यांदा गेला की घरी, असा नियम होता.

सोमवारी सकाळी तो तिसऱ्यांदा उभा राहिला.

"कपाटा, श्वास सोड."

"सोडलाय मास्तर. आता सोडायला काही उरलं नाही."

तीन आठवडे तो उकडलेल्या भाज्यांवर होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मास्तरांनी मान मोजली, साडेत्रेचाळीस. कंबर मोजली, एकशे साडेतीन. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. त्याच्या उंचीला तक्ता अठ्ठावन्न देत होता.

"साठ," मास्तर म्हणाले.

कपाटाने सदरा घातला. बटणं लावायला त्याला बराच वेळ लागला. "मागच्या आठवड्यात माझ्या हातून तुळई सुटली, मास्तर," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. पलीकडच्याचा पाय वीतभराने वाचला. पोटात काही नसलं की हातात काही राहत नाही." आणि तो आडवा होऊन दारातून गेला.

त्याचा कागद शनिवारी वर जाणार होता.

मास्तरांनी टेप गुंडाळली. तिच्या टोकाचं पितळी पान सैल झालं होतं. स्वतःच्या निवृत्तीला महिना राहिला होता, आणि नव्या माणसाच्या हातात तुटकी टेप द्यायची म्हणजे नाक कापल्यासारखं. ते ती घरी घेऊन गेले. बायको शिवणकाम करायची. वसाहतीतल्या बायकांचे झगे आणि साहेबांच्या विजारी तिच्या मशीनवरून जात.

तिने पान टाचलं, टेप सरळ केली, आणि सवयीने आपल्या टेपेशेजारी धरली. मग चष्मा पुसून पुन्हा धरली.

"अहो, या टेपेने तुम्ही माणसं मोजता?"

"मग काय भिंती मोजतो?"

"ही शंभराला अडीच कमी आहे. हिच्यावर विजार बेतली तर गिऱ्हाईक मला त्याच विजारीने मारेल."

मास्तर उठून उभे राहिले. दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी पडल्या होत्या. एकीचा शंभर दुसरीच्या साडेसत्त्याण्णवला थांबला होता. म्हणजे साडेसत्त्याण्णवच्या माणसाला ही बया शंभर म्हणत होती.

"आटलीय," बायको म्हणाली. "कापडाचीच तर आहे. वरचं रोगण उडालंय. गरम पाण्यात घातली होतीत का?"

"उकळली होती," मास्तर खाली बसत म्हणाले.

गेल्या वर्षाच्या शेवटी पलटणीत खरजेची साथ आली होती. डॉक्टरसाहेबांनी हुकूम काढला, अंगाला लागेल ते उकळा. मास्तर हुकमाचे पक्के. पट्ट्या, कात्र्या, चिमटे, बादलीतले टॉवेल, सगळं दर शनिवारी मोठ्या डब्यात रटरटायचं. टेपही अंगाला लागतेच. गेले आठ महिने ते ती दर शनिवारी न चुकता उकळत होते, आणि वर दोरीवर चिमटा लावून वाळवत होते.

"अगं, या आठ महिन्यांत अकरा जण नापास झालेत. सकाळी धावतात बिचारे, जाड्यांच्या रांगेत."

"आणि तुम्हाला शंका आली नाही?"

"मला वाटलं, खानावळीत कुणी चांगला आचारी आला."

बायको हसली नाही. तिने आपली टेप गुंडाळून त्यांच्या खिशात घातली. "उद्या जाऊन सांगा. आणि ही परत आणा, मला लग्नाचे कपडे बेतायचेत."

सांगणं सोपं नव्हतं. बावीस वर्षांत मास्तरांच्या नावावर लाल शाईचा एक ठिपका नव्हता. एक महिना गप्प बसले असते तर ते हार घालून घरी गेले असते आणि टेप नव्या माणसाची झाली असती. रात्रभर नाही, पण दात घासण्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांनी हा विचार मनात घोळवला. मग डोळ्यांसमोर कपाटाची बटणं आली.

डॉक्टरसाहेब उंच, काटकुळे. एका मजल्याचा जिना चढले की कठड्याला धरून उभे राहत आणि खालचं मैदान बघितल्यासारखं करत. पण वजनकाटा त्यांच्यावर बेहद्द खूश होता, त्यामुळे त्यांच्या कंबरेला टेप आजवर कधी लागलीच नव्हती.

सगळं ऐकून ते म्हणाले, "मास्तर, सरकारी टेप चुकत नाही."

"साहेब, सरकारी टेप उकळली की आटते."

"कशावरून? तुमच्या बायकोच्या टेपेवरून? शिंपिणीची टेप नोंदवहीत कशी चालेल? उद्या कुणी दोरी घेऊन येईल."

"तुम्ही म्हणाला होतात, अंगाला लागेल ते—"

"मी टेप उकळा म्हणालो होतो?"

"टेप उकळू नका असंही म्हणाला नव्हतात, साहेब."

साहेबांनी कागदात डोकं घातलं. मास्तरांना आयुष्यभर एकच काम येत होतं, तेच त्यांनी काढलं.

"साहेब, तुम्हीच उभे राहा ना. तुमच्यासारख्या सडपातळ माणसाला पास केलं तर टेप खरी. मग मी गप्प."

साहेबांना हे पटण्यासारखं होतं. त्यांनी हसत सदरा वर केला. वर सगळं काटकुळं होतं, पण पट्ट्याच्या वर एक लहानसं गाडगं लपवून ठेवल्यासारखं पोट होतं. मास्तरांनी मान मोजली, छत्तीस. कंबर, साडेअठ्ठ्याण्णव. तक्त्यावर बोट फिरवलं.

"साडेबासष्ट. तुमच्या उंचीला एकसष्ट चालतात." आणि नोंदवही उघडली. "नाव तुमचंच लिहू ना, साहेब?"

"थांबा! ही टेप साफ खोटी आहे!"

"तेच म्हणत होतो."

"ती दुसरी काढा. तुमच्या घरातली."

घरातल्या टेपेवर साहेब बरोब्बर एकसष्ट भरले, अगदी काठावर. त्यांनी सदरा खाली ओढला, घाम पुसला, आणि उभ्या उभ्या दोन हुकूम दिले. जुनी टेप बाद. नवी येईपर्यंत शिंपिणीची टेप सरकारी. तिसरा हुकूम त्यांनी जरा हळू आवाजात दिला. उकळण्याबद्दल कुठे लिहू नका.

शुक्रवारी अकराही जण पुन्हा उभे राहिले. एकेक जण टेपेखालून जात होता आणि मास्तर "बस, जा" म्हणत होते. दहा जण सुटले. एकाने मास्तरांना उचलून गिरकी घेतली. साहेब खुर्चीत बसून प्रत्येक आकडा स्वतः बघत होते.

शेवटी कपाट आला. मास्तरांना त्याच्या आत येण्यानेच बरं वाटलं. मनातल्या मनात त्यांनी हिशोब केव्हाच केला होता, पण तो त्यांना मान्य करायचा नव्हता.

मान साडेबेचाळीस.

कंबर एकशे एक.

मास्तरांनी टेप काढली, झटकली, पुन्हा लावली. साहेब खुर्चीतून पुढे वाकले होते. मास्तरांची बोटं बावीस वर्षांत पहिल्यांदा टेपेला जरा घट्ट ओढू लागली. नखभर ओढली असती तरी अर्धा सेंटिमीटर कुठे दिसला असता?

"मास्तर," कपाट हळूच म्हणाला, "रुततेय."

बोटं सैल झाली.

"साडेअठ्ठावन्न," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "साहेब, अर्धाच जास्त आहे. आणि हा माणूस—"

"मला माहीत आहे हा कोण आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "मीही त्या दिवशी काठावरच होतो. पण आतल्या बाजूला. माझ्या हातात तक्ता आहे, मास्तर. तुळई नाही." मग कपाटाला म्हणाले, "महिन्याची मुदत मागतो तुझ्यासाठी. अर्धाच तर उतरवायचाय."

कपाट सदरा हातात धरून उभा होता. "नको, साहेब."

"का रे?" मास्तर म्हणाले. "अर्धा म्हणजे किती! एवढासा!"

"हा अर्धा उतरवीन. मग सहा महिन्यांनी पुन्हा अर्धा. मास्तर, मापात बसायला निघालो की तुळई हातातून सुटते, आणि तुळई धरायची तर मापात बसत नाही. मी बारा वर्षं दोन्हीकडे धावतोय. मागच्या आठवड्यात त्या पलीकडच्या पोराचा पाय वाचला. पुढच्या खेपेला नाही वाचला तर तुम्ही त्याला कुठल्या टेपेने मोजाल?"

कपाटाने या वेळी बटणं भराभर लावली.

"वहिनींना सांगा," दारात वळून तो म्हणाला, "टेप खरी आहे. आणि आता जाऊन पोटभर जेवतो."

शनिवारी कागद वर गेला. पुढच्या आठवड्यात कपाट आपली पत्र्याची पेटी एका खांद्यावर आणि निरोप द्यायला आलेल्या तुकडीतल्या एका पाय मुरगळलेल्या जवानाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत गेला. तिथे त्याने जवानाला खाली ठेवलं आणि एकटाच पुढे गेला.

मास्तरांचे शेवटचे दिवस होते. नवी टेप आली होती, प्लास्टिकची, उकळली तर वितळेल अशी. बायकोची टेप तिच्याकडे परत गेली. दुपारी काही काम नसलं की मास्तर दवाखान्याच्या पायरीवर बसत. समोर नदीकाठी पूल बांधायचा सराव चाले.

पूल आधीपेक्षा सावकाश उठत होता. तुळईच्या ज्या टोकाला कपाट उभा राहायचा तिथे आधी दोघांना लावलं. जमेना. मग तिसरा आला. तिघांनी मिळून "हं" केलं, तुळई गुडघ्यापर्यंत आली, थांबली, पुन्हा खाली गेली. तुकडीप्रमुखाने शिटी वाजवली. तिघं हात झटकत, धापा टाकत पुन्हा वाकले.

मास्तरांनी तिघांच्या चौथ्या बटणांकडे पाहिलं आणि तिघांनाही ओळखलं. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, एकोणनव्वद. तिघंही अगदी मापात होते.