तोंडाचा वास

आईनं एकदा वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, मग दारातून मागे सरून तिनं थोरल्याला हाक मारली. आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाली, "अरे, जरा इकडे ये. याच्या तोंडाला येतोय."

चाळिशी ओलांडलेला, दारात मावेल न मावेल असा धाकटा हातात डब्याची पिशवी धरून तोंड आ करून उभा होता. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर हसून लोळला असता. घरात मात्र यात हसण्यासारखं कुणालाच काही वाटत नसे. आत येणाऱ्या पुरुषानं आधी तोंड उघडायचं, आईनं हुंगायचं, मगच चपला काढायच्या, असा या घरचा कायदा होता. बापानं वर्षानुवर्षं पिऊन हिला मारलं होतं. डावं मनगट मोडलं ते वाकडंच सांधलं. थोरल्याला मिसरूड फुटली तेव्हा त्यानं बापाची कॉलर धरून त्याला जिन्यावरून खाली लोटलं. बाप पुन्हा वर चढला नाही. पुढे सरकारी दवाखान्यात पोट फुगून गेला. लिव्हर, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी आईनं दोन्ही पोरांकडून कबूल करून घेतलं की ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला दुसऱ्यानं घराबाहेर काढायचं. पाठचा भाऊ असला तरी.

धाकट्याला हा कायदा कधी जड गेला नव्हता. तो थेंबाला शिवत नसे. लोखंडाच्या यार्डात तो क्रेन चालवायचा. पाइपांची मोळी उचलून ट्रकवर अशी टेकवायचा की खाली उभ्या हमालांना आवाजसुद्धा यायचा नाही. म्हणून, आणि त्याच्या आकाराची टिंगल म्हणूनही, यार्डात सगळे त्याला नाजूक म्हणत. शिक्षण, बढती, लग्न, त्याचं धड काहीच जमलं नव्हतं. आपण बापासारखे निघालो नाही, एवढी एकच गोष्ट त्यानं आयुष्यात नीट केली होती, आणि ती त्याला पुरत होती.

थोरला गॅरेजमधून नुकताच आला होता, हात अजून काळेच होते, पायातले बूटही निघाले नव्हते. त्यानं भावाची हनुवटी पकडून नाक जवळ नेलं.

"कधीपासून?"

"औषध आहे, दादा."

पहिली थोबाडीत अशी बसली की पिशवी हातातून उडाली. याहून वाईट शब्द नाजूकला शोधूनही सापडला नसता. बापही औषधच म्हणायचा. कधी खोकल्याचं, कधी पाठीचं, कधी झोपेचं. भिंतीला टेकून उभी असलेली आई म्हणाली, याचीही पाठ दुखायला लागलेली दिसते.

"कसलं औषध?" थोरल्यानं विचारलं.

नाजूकनं एकदा आईकडे पाहिलं. "लिव्हरचं."

थोरल्यानं दाराला आतून कडी लावली.

आता यात खोटं काही नव्हतं. यार्डात सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं की लिव्हरवर चरबी चढली आहे. किती घेता, असं त्यांनी विचारलं. घेत नाही म्हटल्यावर त्यांनी विश्वासही ठेवला. न पिणाऱ्यांनाही होतो हा आजार, त्या म्हणाल्या, आणि दिवसभर केबिनमध्ये बसून काय खाता-पिता ते विचारलं. कॅन्टीनचा पोऱ्या दोरीला बांधून वर पाठवायचा त्या गोड थंड बाटल्यांचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. वजन उतरवा, रोज चाला, बाटल्या बंद करा, सध्या गोळीची गरज नाही, असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

पण बापाचं फुगलेलं पोट ज्यानं पाहिलंय त्याला चालण्यावर भागवा म्हणून कसं चालेल? तो तडक समोरच्या औषधाच्या दुकानात शिरला. लिव्हर म्हणताच दुकानदाराची कळी खुलली. गोळ्या, भुकट्या, थेंब, चूर्णं, एक अख्खी फळी लिव्हरसाठीच राखून ठेवली होती आणि निम्म्या डब्यांवर तेच लालबुंद, टवटवीत लिव्हर छापलं होतं. दुकानदारानं एक काळपट बाटली पुढं सरकवली आणि म्हणाला की काका, आतून धुऊन निघतं बघा.

घरी सांगता आलं असतं. पण ज्या घरात बाप लिव्हरनं गेला तिथं हा शब्द उच्चारायचा कसा? त्यानं बाटली डब्याच्या पिशवीत तळाशी दडवली. दोन झाकणं घ्यायची होती, तो चार घ्यायचा, धुवायचंच आहे तर नीट धुवावं म्हणून. पहिले काही दिवस यार्डातच, दुपारी. आज मात्र घाईत राहून गेलं म्हणून जिन्याखाली उभं राहून घेतलं. घसा जळायचा, कान गरम व्हायचे. त्याला वाटायचं, औषध लागू पडतंय. दारूची चव ठाऊक असलेल्या माणसानं पहिल्याच घोटाला ओळखलं असतं. हा बिचारा ओळखणार कसा?

थोरल्याची बायको आवाज ऐकून बाहेर आली होती. वहिनीनं जमिनीवरची पिशवी उचलली, बाटलीचं झाकण फिरवून हुंगलं आणि ती नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती भिंतीवर फोडली. काचा सगळीकडे उडाल्या, तपकिरी ओघळ खाली आला आणि खोलीभर वास पसरला. तो वास त्या घराला नवीन नव्हता. आईनं पदर नाकाला लावला.

"काढ त्याला," ती म्हणाली.

नाजूकला थोबाडीत लागली नव्हती एवढे ते दोन शब्द लागले. तो हात जोडून सांगू लागला की दुकान जवळच आहे, चला, दुकानदारालाच विचारू. थोरल्यानं त्याचे केस धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. भुवई फुटली. दुसऱ्यांदा आपटलं. नाजूकनं चौकट घट्ट धरून ठेवली, हात उगारला नाही. मोठ्या भावावर हात उगारायचा नसतो हे एक, आणि आपला हात केवढा आहे हे त्याला माहीत होतं. एवढं वजन जागचं हलेना तेव्हा थोरल्यानं स्टूल उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. स्टुलाचा पाय मोडला. नाजूक गुडघ्यावर आला, तसा थोरल्यानं त्याच्या उजव्या बरगडीखाली बूट घातला.

"इथंच आहे ना रे तुझं लिव्हर? इथंच ना?" आणि पुन्हा तिथंच. "बापाची औलाद."

मग नाजूक उठला.

त्याचा पहिला ठोसा थोरल्याच्या जबड्यावर बसला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. थोरला कपाटावर आदळून खाली आला. तिथं थांबायला हवं होतं. नाजूक थांबला नाही. तो भावाच्या छातीवर बसला आणि मारत राहिला, तोंडावर, डोळ्यावर, पुन्हा तोंडावर. वहिनी त्याचा शर्ट ओढत होती, तो फाटून तिच्या हातात आला. काय बोलतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. वहिनीनं नंतर सांगितलं की भाऊजी शिव्या देत होते आणि त्या शिव्या सासरेबुवांच्या होत्या, हे सासूबाईंनी ओळखलं.

थोरल्याच्या तोंडातून रक्त आणि एक दात बाहेर आला तेव्हा नाजूकचा हात थांबला. त्यानं मान वर केली. आई कोपऱ्यात उकिडवी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात डोक्यावर. डावं मनगट वर, म्हणजे मार त्याच्यावर यावा. ती रडत नव्हती. आता आपली पाळी, असं समजून वाट बघत बसली होती.

थोरल्याचा जबडा तारेनं बांधावा लागला. दवाखान्यात त्यानं सांगितलं, म्हणजे हातानं खुणा करून दाखवलं, की जिन्यावरून पडलो. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं जराही आढेवेढे घेतले नाहीत. त्यात थोडं अल्कोहोल असतंच वहिनी, तो म्हणाला, त्याशिवाय टिकत नाही. चार झाकणं घेतली तर वास मारणारच. आणि वास नको असेल तर त्याच कंपनीच्या गोळ्या होत्या, जरा महाग, पण एकावर एक फुकट. वहिनीनं त्याला दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. घरी येऊन मात्र तिनं शब्दन् शब्द सगळ्यांना सांगितला. बांधलेल्या जबड्यातून थोरल्याला बोलता येत नव्हतं. त्यानं भावाचा हात ओढून आपल्या गालाला लावला आणि डोळे मिटून घेतले. नाजूक लहान मुलासारखा रडला. मी नव्हतो प्यायलो, मी नव्हतो प्यायलो, एवढंच म्हणत राहिला. आई म्हणाली, "कळलं रे. चुकलं माझं."

त्या संध्याकाळी घर हलकं झाल्यासारखं वाटलं. आई ओट्यापाशी खाली बसून भाजी निवडत होती. नाजूकला तहान लागली. ग्लास तिच्या डोक्यावरच्या फळीवर होते. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात वर केला.

भाजी जमिनीवर सांडली. आई पार खाली वाकली होती, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

नाजूकचा हात वरच राहिला. "आई," तो जमेल तेवढ्या हळू म्हणाला, "मी ग्लास घेतोय."

"घे ना बाळा," आई म्हणाली. पण तिनं डोक्यावरचे हात काढले नाहीत.